क्लास बंद पडला, आता जर्मनचं काय?

पत्र:

मॅडम, मी परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, राहते बदलापूरला. जर्मनीत नोकरी करायची म्हणून दोन वर्षं जर्मन शिकतेय. ए-वन, ए-टू आणि बी-वन या पातळ्या एका क्लासमध्ये केल्या. बी-वनच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन सुटलं, पण बोलण्यात ५१ गुण आले आणि तिथेच अडकले. पुढे बी-टू लागणार. मधल्या काळात आमची बॅच फुटली, नंतर क्लासच बंद झाला. दुसऱ्या क्लासवाले म्हणतात, बी-वन पुन्हा पहिल्यापासून करा. फी ऐकून पोटात गोळा आला. मोबाइलवरच्या ॲपवर रोज करते, वर्ष होत आलं, एका दिवसाचा खाडा नाही. तरी बोलायला तोंड उघडलं की सगळं गायब. टाइमटेबल करून बघितलं, आठवड्यात मोडलं, कारण शिफ्ट बदलते. नवरा म्हणतो, तुझ्या मागे कोणी लागल्याशिवाय तुझ्याकडून होत नाही. शिक्षकाशिवाय परकी भाषा येऊ शकते का? की माझ्यातच शिस्त नाही?
— एक सिस्टर, बदलापूर

उत्तर:

सिस्टर,

सुरुवात नवऱ्याच्या वाक्यापासून करते, कारण पत्रात तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. नाइट करून घरी आल्यावरही जी बाई वर्षभर न चुकता ॲप उघडते, तिला शिस्त नाही असं म्हणणाऱ्याने एक आठवडा तुमची ड्युटी करून बघावी. शिस्त तुमच्याकडे भरपूर आहे. ती भलत्या ठिकाणी खर्ची पडतेय, एवढंच.

क्लासमध्ये सर नेमकं काय करत होते ते जरा आठवा. शिकवत तर होतेच. पण आज कोणता धडा, कोणत्या पुस्तकातून, गृहपाठ किती, तुम्हाला आलं की नाही, पुढे जायचं की याच पानावर थांबायचं, हेही सगळं तेच ठरवत होते. तुम्ही मन लावून करत होतात, पण ठरवत काहीच नव्हतात. क्लास बंद झाला तेव्हा शिकवणारा गेला, आणि त्याच्यासोबत ठरवणाराही गेला. ती रिकामी जागा तुमच्या नकळत ॲपने घेतली. आज कोणते शब्द, किती वेळा, पुढचा धडा कधी उघडणार, हे आता ते ठरवतं. तुम्ही नर्स आहात, तुमचं बोलणं अडलंय, वाचन-लेखन सुटलंय, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही. तुम्हाला वाटतंय की वर्षभर तुम्ही स्वतःच्या बळावर शिकलात. खरं तर सर बदलले, आणि नवे सर जुन्यांपेक्षा डावे निघाले.

या विषयावर युरोपात बराच खल झालाय. फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठातले आँरी होलेक यांनी १९७९ मध्ये युरोप परिषदेसाठी एक अहवाल लिहिला, प्रौढ माणसं परकी भाषा कशा शिकतात याबद्दल. आपल्या शिकण्याची सूत्रं आपल्या हाती घेण्याची क्षमता, अशी शिकणाऱ्याच्या स्वायत्ततेची व्याख्या त्यांनी केली आणि त्यात कोणते निर्णय येतात तेही सांगितलं: काय साधायचंय, काय आणि कोणत्या क्रमाने शिकायचं, कोणत्या पद्धतीने, चाललंय कसं यावर नजर ठेवणं, आणि शेवटी आलं की नाही हे तपासणं. ही क्षमता जन्मजात नसते, कमवावी लागते, असंही त्यांनी तिथेच म्हटलंय. नवऱ्याला दाखवायचं असेल तर हे दाखवा. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डेव्हिड लिटल यांनी आणखी एक गैरसमज दूर केला: स्वायत्त असणं म्हणजे शिक्षकाशिवाय एकट्याने शिकणं नव्हे. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवते. शिक्षकाशिवाय येईल का, हे सोडा. शिक्षकाला कोणत्या कामाला बोलवायचं, हे तुम्ही ठरवणार की तो?

आता तुमच्या वर्षाचा हिशेब मांडू. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंपत्तीवर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक. ते म्हणतात, भाषेच्या अभ्यासाचे चार धागे असतात आणि चौघांना साधारण सारखा वेळ मिळायला हवा. अर्थाकडे लक्ष देऊन ऐकणं-वाचणं हा एक. अर्थ पोचवण्यासाठी बोलणं-लिहिणं हा दुसरा. शब्द, व्याकरण, उच्चार यांचा थेट अभ्यास तिसरा. आणि जे येतं तेच न अडखळता, झपाट्याने वापरायचा सराव हा चौथा. तुमचं ॲप जवळजवळ पूर्ण तिसऱ्यात बसतं, थोडंसं पहिल्यात. दुसरा आणि चौथा धागा वर्षभर शून्य. आणि परीक्षेत अडलात कुठे? बरोबर तिथेच. यात बुद्धीचा किंवा वयाचा काही संबंध मला दिसत नाही. जे केलं नाही ते आलं नाही.

ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. दिवसाला दहा मिनिटं ठेवा, बस. सलग दिवसांचा तो आकडा तुटला तर तुटू दे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या आकड्याचं जेवढं दुःख होतं, तेवढं परीक्षेत नापास झाल्याचंही होत नाही, आणि हे मला अजून उमगलेलं नाही.

बोलण्याकडे येते, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय.

गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेची बी-वनची बोलण्याची परीक्षा जोडीने होते, दोघांना मिळून साधारण पंधरा मिनिटं, आणि त्याआधी तयारीला पंधरा. पहिल्या भागात जोडीदारासोबत काहीतरी ठरवायचं असतं: कोणाचा निरोपसमारंभ, आजारी मित्राला भेटायला जाणं, असलं. दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर पाच टप्प्यांत बोलायचं: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशात काय चालतं, फायदे-तोटे आणि आपलं मत, मग समारोप आणि आभार. तिसऱ्या भागात जोडीदाराच्या बोलण्यावर प्रतिक्रिया द्यायची, एखादा प्रश्न विचारायचा, आपल्याला विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. म्हणजे साचा आधीच ठाऊक आहे. ज्याचा साचा ठाऊक आहे त्याची तालीम घरी करता येते. त्यासाठी बी-वनचा अख्खा क्लास पुन्हा पहिल्यापासून लावणं म्हणजे पैसे पाण्यात. गोएथेच्या बी-वनमध्ये चारही विभाग वेगवेगळे धरतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात आणि राहिलेला तेवढाच पुन्हा देता येतो. तुम्हाला नऊ गुण कमी पडलेत, पुढच्या तयारीचा आवाका तेवढाच ठेवा.

तालमीची सामग्री तुमच्याकडे रोज फुकट तयार होते. तुम्ही ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देता ना? तोच जर्मनमध्ये द्या. वॉर्डात नको, घरी जाताना, प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना, मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून. फक्त एक पथ्य पाळा: खऱ्या पेशंटचं नाव, बेड नंबर, आजार, काही घ्यायचं नाही. मनाने एक पेशंट रचा. समजा, ६२ वर्षांचे गृहस्थ, काल गुडघ्याचं ऑपरेशन, रात्री ताप, आता दुखणं कमी, जेवण थोडं गेलं. दीड मिनिट. मनातल्या मनात आधी वाक्यं जुळवायची नाहीत, तोंडाला येईल ते.

घरी आलात की ते ऐका आणि जसंच्या तसं वहीत उतरवा. 'अं... अं'सुद्धा लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळी मेख त्यातच आहे. स्वतःचं बोलणं कागदावर आल्याशिवाय माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, वर्गात सर दाखवत तेव्हाही ती कानावरून गेलेली असते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये बहुधा असं काही निघेल: 'एर इस्ट म्युडं, वाइल एर हाट फीबर.' तो थकलाय, कारण त्याला ताप आहे, हा अर्थ पोचला, पण 'वाइल'नंतर 'हाट' शेवटी जायला हवं होतं. लाल पेनाने तेवढंच खुणावा. एका रेकॉर्डिंगमधून तीनच गोष्टी उचला: एक वाक्यरचना, दोन शब्द जे हवे होते आणि सापडले नाहीत. ते शोधा, आणि दुसऱ्या दिवशी तोच हँडओव्हर पुन्हा द्या. नवा पेशंट नको, तोच. चौथ्या धाग्याचं काम इथे होतं. तेच बोलणं आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत, दर वेळी ऐकणारा नवा, ही भाषाशिक्षणातली जुनी, परखलेली पद्धत आहे. तुम्हाला तीन नवे श्रोते कुठून मिळणार, म्हणून मोबाइल.

इथे मराठीचा फायदा घ्या. क्लासची पुस्तकं इंग्रजीतून असतात, त्यामुळे आपण जर्मनकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघतो आणि नको तिथे ठेचकाळतो. वरचंच वाक्य घ्या. वाइल एर फीबर हाट. कारण त्याला ताप आहे. शब्दाला शब्द जागेवर बसतो. मनात इंग्रजी वाक्य रचलंत की 'हाट' मध्येच घुसतं. आकड्यांचंही तेच. बासष्ट म्हणताना आपण दोन आधी आणि साठ नंतर घेतो, जर्मन माणूसही 'त्स्वाइ-उंट-झेख्त्सिख' म्हणजे दोन आणि साठ असंच म्हणतो. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बासष्टसोबत 'साठ दोन' असंही आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मन पोरं तर अजून उलटंच मोजतात.) तीन लिंगंही आपल्याला नवी नाहीत. ते टेबल, ती खुर्ची, तो पलंग हे आपण कोणत्या नियमाने म्हणतो? कोणत्याच नाही, जोडीने कानावर पडलं म्हणून. जर्मन नामही तसंच देअर, डी, दास या लिंग दाखवणाऱ्या शब्दांच्या जोडीनेच तोंडात बसवा, एकटं नको. मात्र लिंग मराठीवरून ओळखू नका, तिथे मराठी दगा देते.

आणि ताप सेल्सिअसमध्ये सांगायची सवय आत्तापासून करा. आपल्या १०१ ला तिथे ३८.३ म्हणतात, आणि तेही दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देऊन: अख्ट-उंट-ड्राइसिख कोमा ड्राय. पुस्तकातलं हॉटेल-बुकिंग आणि सहलीची वर्णनं परीक्षेपुरती करा. तुमची खरी भाषा 'वो टूट एस वे?', कुठे दुखतंय, इथून सुरू होणार आहे. एक ते दहामध्ये दुखणं किती, कधीपासून, दाबल्यावर वाढतं का, रात्री झोप लागली का. असे पंधरा-वीस प्रश्न तुम्ही मराठीत दिवसभर विचारता. ते जर्मनमध्ये झोपेतही यायला हवेत. काय शिकायचं हे ठरवणं म्हणतात ते हेच. हे तुमच्याऐवजी कोणताही क्लास ठरवू शकणार नाही, कारण तुमचा वॉर्ड त्याने पाहिलेला नाही.

वही कशी ठेवायची? डेन्मार्कमध्ये लेनी डाम नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. १९७०च्या दशकापासून त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना आपल्या अभ्यासाची रोजनिशी ठेवायला लावली: आज काय करणार, काय केलं, कसं झालं, पुढे काय. लहान मुलं ठरवायला शिकली. तुमची वही अशी दिसली तरी पुरे:

'मंगळवार, इव्हनिंगनंतर. ठरवलं: हँडओव्हर दोनदा. केलं: एकदा, गाडी आली. अडलं: ड्रेन काढला हे सांगता आलं नाही, वाइल पुन्हा चुकलं. उद्या: फक्त वाइलची सहा वाक्यं, तोंडी.'

एवढंच. सुवाच्य अक्षर, रंगीत पेन, समास, काही नको. शेवटचा रकाना मात्र सोडायचा नाही, कारण 'उद्या काय' हे कालच्या अडण्यावरून ठरतं. धडा सतरानंतर धडा अठरा, असं नाही. रविवारी किंवा जो ऑफ असेल त्या दिवशी आठवड्याची पानं एकदा उलटा आणि चारही धाग्यांना किती किती वेळ गेला ते मिनिटांत मांडा. पहिल्या महिन्यात आकडे वाकडेतिकडेच येतील.

टाइमटेबल मोडलं त्याचं कारण साधं आहे. तुम्ही ते घड्याळावर लावलंत, आणि तुमचं आयुष्य रोस्टरवर चालतं. 'रोज रात्री नऊ ते दहा जर्मन' हे नर्सला जमणारच नाही. त्याऐवजी ड्युटीगणिक ठरवा. मॉर्निंग असेल तर परतीच्या वाटेवर हँडओव्हर आणि दुपारी झोपून उठल्यावर वहीचं काम. इव्हनिंग असेल तर सकाळी अर्धा तास वाचन किंवा लेखन, कारण रात्री घरी पोचेपर्यंत डोकं चालत नाही. नाइट असेल त्या दिवसांत फक्त ऐकणं, आणि त्याबद्दल मनाला अजिबात लावून घ्यायचं नाही. ऑफला मोठं काम. नवं रोस्टर लागलं की पाच मिनिटांत आठवडा मांडून होतो.

बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी हातात वही धरायला कोणी देणार नाही, हे मला माहीत आहे. तिथे कान वापरा. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारणसंस्था रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश, स्पष्ट उच्चारात वाचून देते, मजकूर सोबत असतो, पैसे लागत नाहीत. वाटेत नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून घरूनच उतरवून घ्या. आधी मजकूर न बघता एकदा ऐका, कोण-कुठे-काय एवढंच पकडा. मग मजकूर. मग पुन्हा मजकुराशिवाय. एकच बातमी तीनदा ऐकणं हे पाच बातम्या एकेकदा ऐकण्यापेक्षा जास्त कामाचं. नंतर याच बातम्या नेहमीच्या वेगात ऐका, तीही सोय तिथेच आहे.

वाचायला काय घ्यावं याची एक चाचणी सांगते, म्हणजे कोणाला विचारावं लागणार नाही. पानावरचे साधारण शंभर शब्द मोजा. त्यात अनोळखी शब्द दोनच्या आसपास असतील तर ते तुमच्यासाठी योग्य. शब्दकोशाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून निघालंय. दहा-बारा अनोळखी निघाले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. बी-टू आलं पाहिजे म्हणून थेट जर्मन वर्तमानपत्र उघडून बसणारे मी बरेच बघितलेत. दुसऱ्या परिच्छेदानंतर ते चहा करायला उठतात.

शब्दांची कार्डं करत असाल तर वाचू नका, स्वतःला विचारा. रोएडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक मजकूर काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचल्यावर 'येतंय, येतंय' असं जे वाटतं, त्याच्यावर फार विसंबू नका. कार्डं तुमच्या वहीतल्या 'अडलं' या रकान्यातून निघू देत, दुसऱ्या कोणीतरी बनवलेली तीन हजारांची गठ्ठी उतरवून घेऊ नका. जे कार्ड बरोबर आलं ते मागच्या कप्प्यात, उशिरा पुन्हा येणार. जे चुकलं ते पहिल्या कप्प्यात, उद्याच येणार. ही कप्प्यांची पेटी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवली. बुटांच्या खोक्यात होते, मोबाइलवर हवी तर आंकी नावाचं कार्डांचं ॲप आहे.

आता माणसं. फुटलेल्या बॅचमधल्या किती जणी अजून प्रयत्न करतायत? एक जरी सापडली तरी तुमचं निम्मं काम झालं, कारण परीक्षा जोडीची आहे आणि पहिला भाग एकट्याने होतच नाही. आठवड्यातून एकदा, फोनवर, वीस मिनिटं. एकीने विषय काढायचा, दोघींनी मिळून ठरवायचं: कधी, कुठे, कोण काय आणणार, खर्च कसा. शिफ्ट जुळत नसेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवून करा, तेवढा नैसर्गिक नाही पण चालतो. एकमेकींच्या चुका काढत बसू नका, दोघी सारख्याच पातळीवर आहात, चुकीची दुरुस्ती चुकीनेच व्हायची. बोलत राहणं एवढंच तिथलं काम.

चुका काढायला शिक्षक ठेवा. हो, शिक्षक हवाच, पण तासावर. महिन्यातून दोन तास, फक्त बोलण्यासाठी. आणि तुम्ही जाताना कार्यक्रम घेऊन जायचं: ही दोन रेकॉर्डिंगं ऐका, वहीत या तीन ठिकाणी मला शंका आहे, नंतर माझं पाच टप्प्यांचं बोलणं ऐकून परीक्षेसारखे गुण द्या. पहिल्यांदा ऐकल्यावर काही शिक्षक जरा बिचकतात, विद्यार्थ्याने असं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. जो म्हणेल 'ते राहू दे, आपण माझ्या पुस्तकातून करू', त्याला नमस्कार करून दुसरा शोधा. अख्ख्या क्लासच्या फीच्या मानाने हा खर्च किरकोळ होतो.

लिहिलेलं तपासायला हल्लीचे चॅटबॉट बऱ्यापैकी कामाचे आहेत, पण त्यांना दुरुस्त करून मागू नका. 'चुकीच्या जागा फक्त खुणाव, दुरुस्ती मी करते' असं सांगा. नाहीतर सुंदर पत्र तयार होतं आणि ते तुमचं नसतं.

ऑफच्या दिवशी कधी जमलं तर काळा घोड्याला मॅक्समुलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटच्या मुंबईतल्या केंद्रात, जाऊन या, सीएसएमटीहून चालत जाता येतं. तिथल्या लायब्ररीत पातळीनुसार लिहिलेली सोपी पुस्तकं मिळतात, बी-वनसाठी ती उत्तम. ज्यांच्या नावाने ते भवन आहे त्या मॅक्समुलरांनी ऋग्वेद संपादित केला आणि आयुष्यात एकदाही भारतात पाऊल ठेवलं नाही. देशात न जाता भाषा किती येऊ शकते याचा दाखला म्हणून लोक त्यांचं नाव घेतात. ठीक आहे, पण त्यांना कोणाची नस शोधायची नव्हती. तुम्हाला बोलावंच लागणार.

बी-टूला किती वेळ लागेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ठरवायला ते लागेल. अगदी सुरुवातीपासून बी-टूपर्यंत ४५ मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका असा गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. तुम्ही बी-वनच्या काठावर आहात, म्हणजे अजून किमान दोनशे तासिका धरा, दीडशे तास. आठवड्याला खरेखुरे पाच तास मिळाले तर तीस आठवडे. त्यात नाइट, सणवार, घरचं आजारपण आलं, म्हणून नऊ-दहा महिने म्हणा. 'तीन महिन्यांत बी-टू' अशी पाटी दिसली की पुढच्या स्टॉपवर उतरा. आधी बी-वनचं बोलणं उरका. लागोपाठ तीन आठवडे वेगवेगळ्या विषयांवर पाचही टप्पे न थांबता बोलता आले आणि तासावरच्या शिक्षकाने तिन्ही वेळा साठच्या वर गुण दिले, की तारीख घ्या. त्याआधी फी भरू नका.

(जपानी शिकणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक ओळ: तुमच्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रावर अभ्यास बेतलात तर नोकरीच्या पहिल्या दिवशी तुमची गत या सिस्टरसारखी होईल.)

नवऱ्याला मागे लागायची हौस असेल तर त्याला काम द्या. रात्री जेवणानंतर पाच मिनिटं तो पेशंट. त्याने मराठीतच कण्हायचं, तुम्ही जर्मनमध्ये विचारायचं. त्याला जर्मन येत नाही हे चांगलंच आहे, तो चुका काढू शकणार नाही.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी जर्मनीत साधारणपणे बी-टू लागतं, पण मान्यता तिथलं प्रत्येक राज्य देतं आणि काही ठिकाणी नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षाही मागतात. तुमचा अभ्यास कोणत्या परीक्षेवर बेतायचा हे त्यावर ठरेल. म्हणून ज्या रुग्णालयाशी किंवा एजन्सीशी बोलणं चाललंय त्यांच्याकडून कोणत्या राज्यात, कोणतं प्रमाणपत्र, कोणत्या मुदतीत, हे मेलवर लेखी मागवा. फोनवर कोणी 'चालेल हो सिस्टर, बघू नंतर' म्हणालं तर ते धरू नका.